आरतीतले वाढपी

संकष्टीच्या संध्याकाळी आपल्या बीडकडच्या लिंबागणेशच्या देवळात भालचंद्र गणपतीपुढे उभं राहावं आणि डोळे मिटून नुसतं ऐकावं. टाळांच्या गदारोळात सगळे एकच आरती म्हणत असतात, पण शब्द मात्र ज्याचे त्याचे. गेल्या खेपेला माझ्या शेजारचं पोर बेंबीच्या देठापासून ‘फळीवर वंदना’ म्हणत होतं. आरती संपल्यावर मी त्याला म्हटलं, ‘बाळा, फणिवरबंधना आहे ते.’ ते म्हणालं, ‘पन काका, आमच्यात देव फळीवरच अस्त्यात की!’

त्याचं काही चुकलं नाही. चुना दिलेल्या भिंतीवर ठोकलेली फळी आणि तिच्यावर टेकवलेल्या तसबिरी हेच आपल्याकडच्या घराघरातलं देवघर. पण मूळ शब्द आहे फणिवर, म्हणजे मोठा नाग, आणि तो बांधलाय पोटाला. मोदक खाऊन गणपती उंदरावरून पडला, पोट फुटलं, त्यानं नाग करकचून आवळला आणि ते बघून चंद्र हसला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. हसल्याबद्दल चंद्राला शाप मिळाला, मग क्षमा झाली आणि तोच कपाळावर जाऊन बसला, म्हणून भालचंद्र. बाकी कुठे चालेल, पण भालचंद्रापुढे तरी नाग गाळू नये.

दुसरी चूक मोठी माणसंही करतात. ‘संकटी पावावे’च्या जागी ‘संकष्टी पावावे’. देव काय महिन्यातून एकदाच पावायचा? आता संकष्टीतल्या ‘संकष्ट’चा अर्थही संकटच, त्यामुळे या चुकीला मी अर्धे गुण देतो.

पण खरी बहार आहे ती शेवटच्या ‘सजणा’त. समर्थ रामदासांच्या आरतीत रामाचा दास वाट पाहतो ती ‘सदना’, म्हणजे घरी. आपण मोठ्या प्रेमानं ‘सजणा’ म्हणतो. आणि हे कुणाच्या तोंडी घालतो? तर ‘सावधान’ ऐकताच बोहल्यावरून पळाले अशी ज्यांची कथा सांगतात, त्यांच्या! समर्थ साताऱ्याकडचे, हाही आपल्याच भागातल्या लोकांचा समज. सज्जनगडावर त्यांची समाधी आहे हे खरं, पण जन्म 1608 चा, जालना जिल्ह्यातल्या जांबचा. म्हणजे आरती लिहिणारा आपल्या मराठवाड्याचाच माणूस. शंकराची ‘लवथवती’ही त्यांचीच. तिथे ‘लवलवती’ म्हणणारे असतात, त्यांना सोडून देऊ.

मराठवाड्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ‘आपला गणपती अष्टविनायकातला ना?’ असं पाहुणे हमखास विचारतात. नाही. ते आठ गणपती पुणे, रायगड आणि नगर (आता अहिल्यानगर) या तीन जिल्ह्यांत आहेत. पुण्यात पाच, रायगडात दोन आणि नगरला सिद्धटेकचा एक. 1979 च्या ‘अष्टविनायक’ सिनेमानं ही आठ नावं घरोघर नेली. बीडकडे कॅमेरा वळला नाही, एवढंच.

‘घालीन लोटांगण’ म्हणताना आपण गिरक्या घेतो त्या गणपतीपुढे, पण त्यात गणपती औषधालाही नाही. शिवाय ते एक गाणंही नाही. पहिलं कडवं नामदेवांच्या नावाचं, मराठी. ‘कायेन वाचा’ भागवतातलं, ‘अच्युतं केशवं’ शंकराचार्यांच्या नावावरचं, आणि शेवटचा ‘हरे राम’ कलिसंतरण उपनिषदातला. कुणीतरी हे तुकडे गोधडीसारखे जोडले आणि टाका इतका बेमालूम बसला की शिवण आता कुणाच्या हाताला लागत नाही. सगळा रोख विष्णूकडे. गणपतीनं कधी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

आता मंत्रपुष्पांजली. हातात फुलं घेऊन सगळे गंभीर होतात, आणि ‘राजाधिराजाय’ आलं की पोरांचा आवाज एकदम चढतो. हा जयघोष गणपतीचा, असं सगळेच धरून चालतात. प्रत्यक्षात तो वैश्रवण कुबेराला नमस्कार आहे, तैत्तिरीय आरण्यकातला. मला सगळ्या इच्छा पुरवणारं धन दे, असं त्याला सरळ मागितलंय. त्याआधीची ऋचा ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तातली. पुढे ‘साम्राज्यं भौज्यं स्वाराज्यं’ हा जो धडधडाट आहे, तो ऐतरेय ब्राह्मणातला. राज्याभिषेकाच्या प्रकरणात राज्याचे निरनिराळे प्रकार मोजलेत आणि समुद्रापर्यंतच्या पृथ्वीला एकच राजा असावा, अशी इच्छा धरलीय. काही ठिकाणी शेवटी एकदंताची गायत्री जोडतात. गणपती येतो तो तेव्हाच.

शेवटचा श्लोक तर माझा फार लाडका. अविक्षिताचा मुलगा मरुत्त राजा, त्याच्या घरी मरुत् देव ‘परिवेष्टारः’ होते, म्हणजे चक्क वाढपी, आणि विश्वेदेव सभासद. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत बुंदीची परात घेऊन पळणारी भावकीतली पोरं असतात ना, ते काम तिथे वाऱ्याचे देव करत होते. दर चतुर्थीला आपण हे हात जोडून ऐकतो आणि फुलं वाहतो.

हे सगळं मी त्या पोराला देवळाच्या पायरीवर बसून सांगितलं. कुबेराचं त्याला काही वाटलं नाही. वाढप्यांपाशी मात्र ते थबकलं. ‘मंग वाढायला काय होतं?’

मंत्रात ते दिलेलं नाही. तोवर पुजाऱ्यांनी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला होता.