संगणकाचा पहारा आणि जागा सोडलेलीं हत्यारें



लिनक्स, त्यावरील सुरक्षा-धोरण, आणि त्या धोरणाचीं हत्यारें भलत्या जागीं बसविल्यानें उडणारा गोंधळ, हा आजचा विषय आहे. नांव ऐकून कित्येकांचा हात रेडिओ बंद करण्याकडे वळेल. परंतु क्षणभर थांबा. आपल्या खिशांतील फोन अँड्रॉइड जातीचा असेल तर हा पहारा आपल्या खिशांतच चालूं आहे. लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स सुरू केलें; अँड्रॉइडचा पाया तेंच. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनें ‘एसई-लिनक्स’ नांवाची पहाऱ्याची व्यवस्था डिसेंबर २००० मध्यें सर्वांस खुली केली. २००३ सालीं ती लिनक्सच्या गाभ्यांत सामील झाली, आणि २०१४ सालच्या अँड्रॉइडच्या पांचव्या आवृत्तीपासून ती फोनमध्यें पूर्णपणें सक्तीची झाली.

हा पहारा म्हणजे काय? आमची भिवंडी यंत्रमागांची तशी गोदामांचीहि. गोदामाचा बंदोबस्त दोन प्रकारें करतां येतो. एका प्रकारांत मालकाजवळ किल्ली असते व तो ती वाटेल त्याच्या हातीं देतो. जुन्या पद्धतीचें लिनक्स असेंच चालतें. फाईलचा मालक परवानगी देतो, आणि ‘रूट’ नांवाच्या सर्वाधिकाऱ्यास कोणीच अडवीत नाहीं. ती किल्ली चोराच्या हातीं गेली कीं सर्व संपलें. दुसऱ्या प्रकारांत दारावर वही घेतलेला पहारेकरी असतो. प्रत्येक कामगाराला बिल्ला, प्रत्येक गांठोड्याला चिठ्ठी; कोणत्या बिल्ल्यानें कोणत्या चिठ्ठीस हात लावावा तें वहींत लिहिलेलें. तेथें मालकालाहि वहीप्रमाणेंच वागावें लागतें. एसई-लिनक्समध्यें या वहीला ‘धोरण’ म्हणतात.

वहीची देखभाल करणाऱ्या हत्यारांचा एक संचच आहे. धोरण चढविणें, चिठ्ठी लावणें, नियम तपासणें हीं त्यांचीं कामें. त्यांपैकीं कांहींच्या सूचनांचें मराठी भाषांतरहि मूळ संग्रहांत आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. लिनक्समध्यें कोणती वस्तु कोठें ठेवावी याचे लिखित संकेत १९९४ पासून आहेत. व्यवस्थेबरोबर आलेले प्रोग्राम ‘यूएसआर’ या कप्प्यांत, आपण स्वतः बसविलेले त्याच्याच आंतील ‘लोकल’मध्यें, आणि बाहेरून आणलेले स्वतंत्र संच ‘ऑप्ट’मध्यें. यंत्रमागाच्या कारखान्यांत जॉबरचा पाना ठराविक खिळ्यावर टांगलेला असतो. कोणी तो दुसरीकडे ठेवला, तर जॉबरचा हात मोकळ्या खिळ्याकडे जातो आणि तो म्हणतो, “पाना नाहीं!” पाना असतो, सांपडत नाहीं इतकेंच. आजच्या भाषणाचें सार या दोन शब्दांतील फरकांत आहे.

माझा एक जुना विद्यार्थी येथील एका सुताच्या गोदामांतील हिशेबाचा संगणक सांभाळतो. त्याला या हत्यारांची नवी आवृत्ति वापरून पाहावयाची होती. जुनीं काढावयाचीं नाहींत, ही त्याची सावधगिरी योग्यच होती. म्हणून त्यानें नवीं हत्यारें स्वतः घडविलीं आणि आपल्या खासगी, म्हणजे ‘होम’ कप्प्यांत ठेवलीं. दोन दिवस एकहि हत्यार धड चालेना. शेवटीं तो माझ्याकडे आला. मी केवळ मॅट्रिक झालेला मास्तर; शाळेच्या संगणक-खोलीची किल्ली शेवटचीं कांहीं वर्षें माझ्याकडे होती, तेवढीच माझी विद्या. तो म्हणाला, “गुरुजी, पहाराच बंद करून टाकतों, म्हणजे कटकट मिटेल.” मीं म्हटलें, “अरे, त्या संगणकांत किती माणसांच्या मजुरीचा हिशेब आहे? पाना सांपडत नाहीं म्हणून कोणी पहारेकऱ्याला घरीं पाठवितो काय?” मग आम्ही शेजारी बसून एकेक प्रश्न विचारूं लागलों.

पहिला प्रश्न : हांकेला ओ कोण देतो? हत्याराचें नुसतें नांव टंकिलें कीं संगणक ‘पाथ’ नांवाच्या यादींतील कप्पे क्रमानें धुंडाळतो व पहिलें सांपडेल तें चालवितो. त्यामुळें नव्याच्या नांवानें जुनेंच हत्यार उत्तर देत होतें. ‘सुडो’ लावून मोठ्या अधिकारानें हांक मारली, तर सुडो बहुधा स्वतःची वेगळी यादी वापरतो. त्यामुळें ज्या नव्या हत्याराला जुना जोडीदार नव्हता, तें तर त्याला मुळींच सांपडेना. उपाय सोपा. हत्याराचा संपूर्ण पत्ता लिहावा. ‘टाइप’ या आज्ञेस ‘ए’ हा पर्याय जोडल्यास एकाच नांवाचे सारे धनी दिसतात.

दुसरा प्रश्न : हत्याराचे सोबती कोठें आहेत? हीं हत्यारें एकटीं चालत नाहींत. त्यांना सामायिक लायब्ररी लागतात. पूर्ण पत्ता देतांच तक्रार आली कीं ‘लिबसेपोल’ ही लायब्ररी उघडतां येत नाहीं. ती होती, परंतु नव्या हत्याराशेजारी, शोधण्याच्या नेहमींच्या जागीं नव्हे. ‘एल-डी-डी’ ही आज्ञा प्रत्येक लायब्ररी कोठें सांपडली, कोणती सांपडली नाहीं, हें ओळीनें सांगते. उपाय म्हणून ‘एल-डी लायब्ररी पाथ’ या चलांत नवी जागा लिहावी. मात्र त्या बैठकीपुरतीच. ती साऱ्या व्यवस्थेच्या यादींत कायमची घातली, तर जुनीं हत्यारें नव्या लायब्ररी उचलतील आणि एका दुखण्याचीं दोन होतील. शिवाय सुडो हें चल सहसा पुढें जाऊं देत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

तिसरा प्रश्न पायथनचा. ‘सेमॅनेज’सारखीं हत्यारें पायथन भाषेंत लिहिलेलीं आहेत. त्यांचे भाग शोधण्याची यादी आणखी निराळी. तिला ‘पायथन पाथ’ असें चल आहे. ‘अमुक नांवाचें मॉड्यूल नाहीं’ अशी ओळ आली कीं ही यादी पाहावी, आणि हत्यार पायथनच्या ज्या आवृत्तीसाठीं घडविलें तीच चालत आहे ना, हेंहि पाहावें.

येथपर्यंत तीन दोष निघाले, आणि पहारेकऱ्याचा त्यांपैकीं एकाशींहि संबंध नव्हता. पहारा बंद केला असता तर दोष तसेच राहिले असते आणि दार मात्र उघडें पडलें असतें.

चौथ्या प्रश्नास मात्र पहारेकरी खरोखर आडवा आला. तपासणीचें एक हत्यार हातानें चालविलें तर चालत होतें. तेंच रात्रीं आपोआप चालण्यास नेमलें तर ‘परवानगी नाहीं’. ‘ऑडिट’च्या नोंदवहींत ‘डिनाइड’ शब्दाची ओळ स्पष्ट होती. कारण चिठ्ठी! होम कप्प्यांत जन्मलेल्या फाईलीस घरगुती चिठ्ठी लागते, आणि घरगुती चिठ्ठीचा प्रोग्राम व्यवस्थेच्या सेवकानें चालवूं नये, असा वहीचा नियम आहे. तो नियम चांगलाच आहे. घुसखोरहि आपला माल अशाच ठिकाणीं ठेवतो. म्हणून आम्ही संच ‘ऑप्ट’मध्यें नेला. तेथें आणखी एक गोम कळली. ‘एम-व्ही’नें हलविलेली फाईल जुनी चिठ्ठी बरोबर नेते, ‘सी-पी’नें केलेली प्रत सामान्यतः नव्या जागेची चिठ्ठी घेते. ‘ऑप्टमधील हा कप्पा यूएसआरप्रमाणें समजावा’ अशी नोंद सेमॅनेजनें वहींत केली, ‘रिस्टोर-कॉन’नें चिठ्ठ्या पुन्हा लावल्या, आणि हत्यार चालूं लागलें. ‘सी-एच-कॉन’नें नुसती चिठ्ठी बदलली असती, तर पुढील फेरचिठ्ठीच्या वेळीं ती पुसली गेली असती.

पांचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : हत्यार कोणत्या वहींत लिहीत आहे? माझ्या विद्यार्थ्याची समजूत अशी कीं नव्या जागचें हत्यार म्हणजे सरावाची पाटी. तसें नाहीं. निराळें सांगितलें नसेल तर तें चालू व्यवस्थेच्याच धोरणाला हात घालतें. ‘सेमॉड्यूल’ला धोरणाची वेगळी जागा सांगण्याचा पर्याय आहे, तो न देतां त्यानें दोन दिवस खऱ्या वहींतच लिहिण्याचे प्रयत्न केले होते. हत्यार चाललें नाहीं हें त्याचें दैव! हें ऐकून त्याचा चेहरा उतरला, आणि पुढील प्रयोग त्यानें वेगळ्या सरावाच्या संगणकावर केले.

पहारा ढिला करण्याचाच प्रसंग आला, तर ‘परमिसिव्ह’ अवस्था आहे. तींत पहारेकरी अडवीत नाहीं, पण नोंद करतो. तीहि सरावाच्या यंत्रावरच वापरावी. पहारा पूर्ण बंद केला, तर त्या काळांत जन्मलेल्या फाईली चिठ्ठीवांचून राहतात आणि पुढें सर्व संग्रहास पुन्हा चिठ्ठ्या लावाव्या लागतात.

शाळेंत एखादा मुलगा हजेरीस ओ देत नसे, तेव्हां त्याच्या नांवापुढें गैरहजेरी मांडण्यापूर्वीं मी मागच्या बांकावर एकदां पाहून येत असें. पुष्कळदां तो तेथेंच बसलेला असे.