गायरानावर सौरऊर्जा आली. भूमिहीनांच्या वाट्याला काय?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मराठवाड्यातील आमच्या मूळ गावी गेलो होतो. सत्तरी ओलांडलेल्या आमच्या आत्याबाईंनी चहाचा कप हाती दिला आणि फडताळातला एक कागद पुढे केला. "लेकरा, वाच बरं काय लिव्हलंय," त्या म्हणाल्या.

कागद सरकारी होता. गावच्या गायरानावर सौरऊर्जा प्रकल्प होणार आहे, तरी तेथील अतिक्रमण काढून घ्यावे, असा मजकूर होता. 'अतिक्रमण' म्हणजे आत्याबाईंचे दोन एकर रान! दगडगोटे वेचून, बांध घालून त्यांनी व त्यांच्या मालकांनी ते पेरणीजोगे केले. त्यावर ज्वारी-तूर पिकवून तीन लेकरे वाढवली. "पंचेचाळीस पावसाळे पेरलं म्या. आता म्हनत्यात, हितं आरसे बसनार. बसवा बाबा, पर आमी कुठं बसायचं?"

आत्याबाईंच्या या एका प्रश्नासाठी आजचा हा लेखनप्रपंच.

विजेला आपला विरोध नाही

प्रथमच स्पष्ट करतो. सौरऊर्जेला आमचा विरोध नाही. वीज ही गरिबाच्या मुक्तीचे साधन आहे, हे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच आपल्याला शिकविले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडेच होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. शेतीवरचा भार हलका व्हायचा तर उद्योगधंदे वाढले पाहिजेत, आणि त्यासाठी वीज पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती.

आज शेतकऱ्याला रात्री-अपरात्री पाणी धरायला जावे लागते. अंधारात साप-विंचवाचे भय असते. दिवसा वीज मिळाली तर त्याची या त्रासातून सुटका होईल. म्हणूनच महाराष्ट्र शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू केला. वीज उपकेंद्राच्या जवळपास पाच-दहा किलोमीटरच्या आत जमीन घ्यायची, तेथे सौर पॅनेल उभारायचे आणि ती वीज शेतीच्या वाहिनीत सोडायची, अशी ही रचना आहे.

परंतु दिवसा वीज कोणाला? ज्याची विहीर आहे, मोटार आहे, त्याला. ज्याच्याकडे विहीर नाही आणि सात-बारा नाही, त्याच्या वाट्याला काय, हे कोणी सांगत नाही.

कारकुनी हिशेब

आम्ही पडलो कारकुनी पेशातले. हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. एक मेगावॅट सौरऊर्जेला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते. या योजनेत खाजगी जमीन भाड्याने घेतली, तर जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी पन्नास हजार, आणि त्यावर दरसाल तीन टक्के वाढ मिळते. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने प्रकल्पाला दिली जाते. अशा प्रकल्पासाठी ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख रुपये, असे तीन वर्षे अनुदान आहे.

आता आत्याबाईंचे दोन एकर या हिशेबात बसवा. तेच रान सात-बाऱ्यावर त्यांच्या नावे असते, तर घरबसल्या वर्षाला एक लाख रुपये आले असते. नावे नाही म्हणून भाडे शून्य, आणि वरून नोटीस! ऊन तेच, माळ तोच, पॅनेलही तेच. फरक फक्त एका कागदाचा. आणि तो कागद आपल्या समाजाला का मिळाला नाही, यामागे पिढ्यान्पिढ्यांचा इतिहास आहे.

गायरानाचा इतिहास

बांधवांनो, आपला माणूस गायरानावर हौसेने गेला नाही. गावात त्याला जमीनच नव्हती. आज तरुण पिढीला ठाऊक नसेल, पण या गायरानासाठी आपल्या वाडवडिलांनी तुरुंग भरले आहेत. १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातील प्रमुख मागणी होती. लेकुरवाळ्या माताभगिनी कडेवर मूल घेऊन तुरुंगात गेल्या.

या लढ्यांच्या रेट्यामुळेच पुढे शासनाला निर्णय घ्यावे लागले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने, १४ एप्रिल १९९० पर्यंत मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. ही तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या काळातली आहे. निर्णय झाला, पण गावोगावी अर्ज धूळ खात पडले. कोणाचा पंचनामा झाला नाही, तर कोणाचे नाव नोंदवहीत चढलेच नाही.

पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे हटविण्याचा निकाल दिला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा प्रश्न स्वतःहून हाती घेतला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. पण २०११ च्या निकालातील एक गोष्ट आपल्याला कोणी वाचून दाखवीत नाही. शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन पट्ट्याने दिलेली असेल, तर तेथे अपवाद करता येईल, असे त्या निकालातच म्हटले आहे. धनदांडग्याचे अतिक्रमण आणि भूमिहीनाचे पोट यांत फरक करण्याची वाट न्यायालयाने उघडी ठेवली आहे.

पावगडचा धडा

कर्नाटकातील तुमकुरू जिल्ह्यात पावगड तालुका आहे. कायम दुष्काळी मुलूख. तेथे सुमारे १३ हजार एकरांवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान २०१९ च्या अखेरीस पूर्ण झाले. शेतकऱ्यांच्या जमिनी विकत न घेता एकरी २१ हजार रुपये वार्षिक भाड्याने घेतल्या. जमीन मालकाचीच राहिली, आणि पाऊस पडो न पडो, भाडे येत राहिले. हे चांगलेच झाले.

परंतु ज्याला जमीनच नव्हती, त्याचे काय? दुसऱ्याच्या रानात निंदणी-खुरपणी करणाऱ्या भूमिहीनांत दलितच अधिक. रानावर पॅनेल आले तशी त्यांची मजुरी गेली. कुंपण पडले तशी शेळ्यामेंढ्यांची चराई गेली. बांधकाम चालू असेपर्यंत हाताला काम होते. पुढे राहिली ती राखणदारी, गवत कापणे आणि पॅनेल धुणे एवढीच थोडीथोडकी कामे. ज्याच्याकडे जास्त जमीन त्याला जास्त भाडे, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याचे होते तेही गेले. महाराष्ट्रात हीच चूक होऊ द्यायची का?

जमीन आहे की नाही?

आपल्या राज्यात २००४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्याच नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यावी, असे ती योजना सांगते. अर्जदार गेला की उत्तर ठरलेले असते, "या दरात कोणी जमीन विकत नाही." मग सौर प्रकल्पासाठी मात्र त्याच गावात शंभर एकर सरकारी माळ सापडतो कसा?

शेतीची मालकी राष्ट्राची असावी, गावकऱ्यांनी ती मिळून कसावी, कोणी जमीनदार नको, कोणी कूळ नको आणि कोणी भूमिहीन मजूरही नको, हे बाबासाहेबांनी १९४७ सालीच 'राज्य आणि अल्पसंख्याक' या निवेदनात मांडले होते. सरकारी जमिनीवरचे ऊन ही जर साऱ्या गावाची दौलत असेल, तर त्या उन्हाच्या कमाईत भूमिहीनाचा वाटा सर्वांत आधी धरला पाहिजे.

आपण काय करावे?

नुसती हळहळ करून भागणार नाही. कामगार बंधू-भगिनींनो, यंदा सणाला गावी जाल तेव्हा पुढील कामे अवश्य करा.

पहिले काम कागदांचे. पत्र्याच्या पेट्या उघडा. दंडाच्या पावत्या, पंचनाम्याच्या नकला, पीक पाहणीचे उतारे, जुने अर्ज, जे सापडेल ते जपून ठेवा. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही असते. तीत आपले नाव आहे का ते पाहा. नक्कल देत नसतील तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

दुसरे काम ग्रामसभेचे. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. तेथे माताभगिनींसह हजर राहा. प्रकल्प कोणत्या गटात आहे, तेथे कोण कसतो आणि चराई कोणाची, हे इतिवृत्तात लिहून घ्या. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पाच लाखांतून आपल्या वस्तीत काय होणार, हेही विचारा.

तिसरे काम मागणीचे. कसणाऱ्याला पर्यायी जमीन द्या, नाहीतर खाजगी मालकाइतके भाडे द्या. प्रकल्पातील राखणदारी आणि देखभालीची कामे आधी विस्थापितांच्या घरातील मुलामुलींना द्या. केंद्राच्या कुसुम योजनेत दोन मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प शेतकरी गट, सहकारी संस्था आणि पंचायतीही उभारू शकतात. शिकलेल्या तरुणांनी ही वाट अभ्यासावी. आपण केवळ पॅनेल पुसणारेच का राहावे?

आत्याबाईंच्या पेटीत, बाबासाहेबांच्या जुन्या तसबिरीखाली, दंडाच्या तीन पावत्या निघाल्या. त्यांतली एक १९८७ सालची आहे. अर्जाला त्या जोडून आम्ही तहसील कचेरीत दिल्या आणि शिक्क्यासह पोच घेतली. निकाल अजून लागलेला नाही. पण ज्या पावत्या त्यांना गुन्हेगार ठरवण्यासाठी फाडल्या होत्या, त्याच आज त्यांच्या हक्काचा पुरावा झाल्या आहेत. आपापल्या घरातली पेटी एकदा उघडून पाहा.

जयभीम!