प्रमाणपत्र भारताचे, रुग्णसेवा ब्रिटनमध्ये : परिचारिका आणि मदतनीसांच्या नोंदणीचे गणित

ब्रिटनमध्ये आलेल्या मराठी कुटुंबांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. पती किंवा पत्नी नोकरीनिमित्त येथे येते, सोबत आलेल्या जोडीदाराजवळ महाराष्ट्रातील नर्सिंगचे प्रमाणपत्र असते, आणि ते 'इकडे ट्रान्सफर' कसे करायचे याची चौकशी सुरू होते. वस्तुतः असे हस्तांतर ब्रिटनमध्ये होतच नाही. येथे प्रत्येक पदाची स्वतंत्र वाट आहे, आणि काही वाटा इंग्लंडहून स्कॉटलंडला जाताच बदलतात. हा भेद न कळल्यामुळे पात्र परिचारिकांची उमेदीची वर्षे मदतनिसाच्या कामात निघून जातात.

भारतातील सवय आणि येथील व्यवस्था

महाराष्ट्रातील परिचारिकेची नोंदणी १९६६ च्या कायद्यानुसार महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते. तिला दिल्ली किंवा कर्नाटकात काम करायचे असल्यास आपल्या परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन ती तेथील परिषदेत नाव नोंदवते. राज्य बदलले तरी शिक्षणाची किंमत बदलत नाही. 'ट्रान्सफर' हा शब्द या अनुभवातून आला आहे.

ब्रिटनमध्ये परिचारिका, सुईणी आणि इंग्लंडमधील नर्सिंग असोसिएट यांची नोंदणी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजे एनएमसी, ही एकच संस्था करते. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या चारही भागांत परिचारिकेची नोंदणी सारखीच चालते. मात्र भारतातून आलेल्या परिचारिकेला येथील नोंदवहीत नाव येण्यापूर्वी परीक्षा द्याव्या लागतात.

रुग्णालयातील हेल्थकेअर असिस्टंट या मदतनिसासाठी मात्र एनएमसीची नोंदवहीच नाही. या पदावर नेमणूक मालक करतो, प्रशिक्षणही तोच देतो. भारतातील दोन वर्षांच्या एएनएम अभ्यासक्रमाशी जुळणारा वर्गही एनएमसीच्या नोंदवहीत नाही. परिचारिका म्हणून अर्ज करण्याचा व्यवहार्य मार्ग जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांसाठी आहे. एएनएम झालेल्या व्यक्तीचे ज्ञान मदतनिसाच्या कामात उपयोगी पडते. पण ते नोंदणीकृत परिचारिकेच्या जागी चालत नाही.

केअर सर्टिफिकेट : उपयोग आणि मर्यादा

इंग्लंडमध्ये मदतनिसांच्या प्रारंभिक प्रशिक्षणाला केअर सर्टिफिकेट म्हणतात. कामिला कॅव्हेंडिश यांच्या २०१३ च्या अहवालानंतर ते एप्रिल २०१५ पासून सुरू झाले. संसर्गप्रतिबंध, रुग्णाची प्रतिष्ठा, गोपनीयता, दुर्बलांचे संरक्षण असे विषय त्यात येतात. हे परवानापत्र नव्हे. नोकरी बदलताना ते जवळ असावे, परंतु नवा मालक काही कौशल्ये पुन्हा तपासून पाहू शकतो. केवळ संगणकावर धडे वाचून मिळालेला कागद पुरेसा ठरत नाही. प्रत्यक्ष काम पाहून केलेले मूल्यमापन आवश्यक असते.

सीमा ओलांडली की नियम बदलतो

वृद्धाश्रम व घरपोच देखभाल या क्षेत्रांत ब्रिटनचे चार भाग भिन्न वागतात. इंग्लंडमध्ये देखभाल कर्मचाऱ्यांची सक्तीची नोंदवही नाही. स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश सोशल सर्व्हिसेस कौन्सिल, वेल्समध्ये सोशल केअर वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये नॉर्दर्न आयर्लंड सोशल केअर कौन्सिल यांच्याकडे नाव नोंदवावे लागते आणि पुढे ठरलेली पात्रताही मिळवावी लागते. मँचेस्टरमध्ये पाच वर्षे वृद्धाश्रमात काम केलेली व्यक्ती ग्लासगोला गेली, तर तिचा अनुभव सोबत जातो; नोंदणी मात्र नव्याने करावी लागते. स्कॉटलंडच्या रुग्णालयांतील मदतनीस या नोंदवहीत येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

पोलीस पडताळणीचेही तसेच आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये डीबीएस, स्कॉटलंडमध्ये पीव्हीजी, उत्तर आयर्लंडमध्ये ॲक्सेसएनआय. स्कॉटलंडमध्ये १ एप्रिल २०२५ पासून अशा कामांसाठी पीव्हीजीचे सदस्यत्व कायद्याने बंधनकारक झाले आहे. डीबीएसचे प्रमाणपत्र तेथे पुढे करून चालत नाही.

मदतनीस आणि परिचारिका यांच्यामधले नर्सिंग असोसिएट हे पद एनएमसीने जानेवारी २०१९ पासून नोंदवायला सुरुवात केली, पण केवळ इंग्लंडसाठी. या पदावरील व्यक्ती स्कॉटलंडला गेल्यास तिला त्याच पदाची नोकरी मिळत नाही.

परिचारिकेची खरी वाट

जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्यांना एनएमसीकडे शिक्षणाचा पुरावा, आरोग्य व चारित्र्याची माहिती, इंग्रजीचा पुरावा आणि दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली सीबीटी ही संगणकावरची परीक्षा भारतातही देता येते. तिचे आकडेमोड आणि वैद्यकीय ज्ञान असे दोन भाग आहेत. दुसरी ऑस्की ही दहा टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा ब्रिटनमधील ठरावीक केंद्रांवरच होते.

इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण व संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. ओईटी हा दुसरा पर्याय आहे. मराठी मुलींची गाडी बहुधा लेखनावर अडते. त्यांना ८ फेब्रुवारी २०२३ पासूनचा एक बदल ठाऊक असणे फार गरजेचे आहे. ज्यांचे नर्सिंगचे शिक्षण व परीक्षा इंग्रजीत झाल्या आहेत, किंवा ज्यांचे गुण आयईएलटीएसच्या एखाद्या विभागात अर्ध्याने कमी पडले आहेत, त्यांना ब्रिटनमधील मालकाचे पत्र पूरक पुरावा म्हणून देता येते. त्यासाठी गेल्या दोन वर्षांत किमान बारा महिने येथील आरोग्य वा देखभाल क्षेत्रात काम केलेले असावे लागते. पत्रावर सही करणारी वरिष्ठ व्यक्ती स्वतः एनएमसीकडे नोंदलेली असावी. म्हणजे मदतनिसाची नोकरी हीच पायरी ठरू शकते, पण पहिल्या दिवसापासून तसा हेतू ठेवला तरच.

महाराष्ट्रातील कागदपत्रे आधी

एनएमसी पात्रता व नोंदणीची खात्री भारतीय परिषदेकडून थेट मागवते. उमेदवाराने पाठवलेली छायांकित प्रत पुरत नाही. महाराष्ट्रातील नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. ब्रिटनमध्ये आल्यावर अनेकींची मुदत उलटून जाते आणि मुंबईतील पाठपुराव्यात महिने जातात. दुसरी अडचण नावाची. प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, पारपत्रावर सासरचे, वडिलांचे नाव एका कागदावर आहे तर दुसऱ्यावर नाही. विवाह नोंदणीचा दाखला व राजपत्रातील नावबदल निघण्याआधीच तयार ठेवणे शहाणपणाचे. दोन राज्यांत नोंदणी असल्यास दोन्ही अर्जात नमूद कराव्यात.

व्हिसाचा प्रश्न

परदेशातून देखभाल कर्मचारी आणण्याचा मार्ग २२ जुलै २०२५ पासून नव्या अर्जदारांसाठी बंद झाला आहे. 'तिकडे केअरचे काम लावून देतो' असे सांगून पैसे घेणाऱ्या मध्यस्थांपासून म्हणूनच सावध राहावे. ब्रिटनमध्ये नोकरी मिळवून देणाऱ्या संस्थेने त्यासाठी कामगाराकडून पैसे घेणे सामान्यतः बेकायदा आहे. आधीच अवलंबित व्हिसावर येथे असलेल्या जोडीदाराला मात्र मालकाच्या प्रायोजकत्वाशिवाय मदतनिसाचे काम करता येते, आणि परिचारिकेचा मार्ग नव्या अर्जदारांसाठी अद्याप खुला आहे.

एनएचएसमध्ये मदतनीस सहसा बँड २ किंवा ३ मध्ये असतो, नोंदणीकृत परिचारिका बँड ५ पासून सुरू होते. हे अंतर पार करायचे असेल तर क्रम असा असावा : आधी महाराष्ट्रातील नोंदणी जिवंत करणे, नावाचे कागद जुळवणे, मग सीबीटी, त्याच काळात मदतनिसाची नोकरी धरून वर्षभराचा अनुभव आणि मालकाचे पत्र, आणि अखेरीस ऑस्की. एएनएम झालेल्यांनी हाच काळ येथील नर्सिंग असोसिएट किंवा परिचारिका शिक्षणाच्या प्रवेशाची चौकशी करण्यात घालवावा.