पाड्यावरचा आठवडा

मुलं यायच्या आधी अंगणवाडीत मदतनीसताई येतात. पहिलं काम पाण्याचं. हंडा घासायचा, पाणी फडक्यानं गाळून भरायचं, क्लोरीनचे थेंब टाकायचे आणि पुढचा अर्धा तास त्या हंड्याला कुणी हात लावायचा नाही. तोवर झाडलोट होते, सतरंज्या अंथरल्या जातात, पायरीपाशी बादली, मग आणि साबण येतो. डहाणू तालुक्यातल्या या वारली पाड्यावरची मुलं पायवाटेनं घोळक्यानं येतात, बहुतेक अनवाणी. मोठी भावंडं शाळेत जाता जाता धाकट्यांना इथं सोडतात.

सेविकाताई दारात खाली बसलेल्या असतात, मुलाचा चेहरा आपल्या चेहऱ्यासमोर येईल अशा. प्रत्येक मूल हात पुढे करतं. त्या नखं बघतात, बोटांच्या बेचक्यात खरजेच्या पुळ्या आहेत का बघतात, केसांतून हात फिरवतात, खालची पापणी अलगद ओढून आतला रंग पाहतात, ओठांचे कोपरे फाटलेत का ते पाहतात. मुलाला वाटतं ताई लाड करतायत. लाड असतातच. पण तेवढ्यात कपाळ तापलंय हे कळतं, रात्री झोप झालेली नाही हे कळतं, काल हसत आलेलं पोर आज भिंतीला चिकटून का उभं आहे हा प्रश्न पडतो. मग हात धुणं. तळवे, हातांच्या पाठी, बोटांच्या मधली जागा, अंगठे, नखं, मनगटं. हे सगळं एका गाण्यात बसवलंय. गाणं संपेपर्यंत साबण चोळत राहायचं, म्हणजे घाई होत नाही.

बाहेरून येणाऱ्याला अंगणवाडीत खिचडीचं पातेलं आणि भिंतीवरची चित्रं दिसतात. सकाळपासून दुपारपर्यंत कोपऱ्यात बसून राहिल्यावर माझं मत वेगळं झालं. इथलं खरं काम बघण्याचं आहे. एकेका मुलाला रोज, जवळून, कालच्या त्याच्याशी ताडून बघण्याचं. बाकीची सगळी कामं त्या बघण्यातून निघतात.

या तालुक्याचं आणि अशा कामाचं नातं सरकारी योजनेहून जुनं आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढलं आणि १९४५ मध्ये त्या याच तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच मुलांच्या वस्तीत नेली. आधी आंघोळ, केस, नखं, मग खेळ आणि शिकणं, असा तिथला क्रम होता. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी बिया, शंख, खडे, पानं आली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या आणि केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरात ३३ प्रकल्पांतून सुरू झाली. तिच्यातली अंगणवाडी ही या दोघींच्या कामाची लेक आहे, असं मला वाटतं.

मी इथं काढलेल्या आठवड्याचा विषय होता पाणी. तीन ते सहा वर्षांची मुलं परातीभोवती बसली. चिंचोका, सागाचं वाळकं पान, बाहव्याची शेंग, दगड, बुचाचं झाकण. काय बुडेल, काय तरंगेल, हे आधी सांगायचं आणि मग टाकून बघायचं. दुसऱ्या दिवशी मगातून बाटलीत पाणी ओतायचं होतं, तेही न सांडता. मनगटाला वळण लागतं ते यातूनच, पुढे पेन्सिल धरायला हेच मनगट लागतं. सेविका त्याच पाड्यावरची असल्यानं सगळं बोलणं वारलीत चालतं. मराठी शब्द मधूनमधून येतो, पुन्हा येतो, आणि चौथ्यांदा मुलंच तो वापरतात. राज्याच्या ‘आकार’ अभ्यासक्रमाचं पुस्तक कपाटात आहे आणि ताई ते वाचतात, पण परातीत काय टाकायचं हे पाड्यावरच्या झाडांकडं बघून ठरतं.

पाण्याचा हा खेळ मदतनीसताईंनी नकळत पुढे नेला. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून सात महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं मिळतं, न खाणाऱ्याला केळी. अंडी उकडायला टाकण्याआधी ताई एकेक अंडं पाण्यात सोडतात. ताजं असेल ते तळाशी आडवं बसतं. जुनं असेल तर एक टोक वर करतं, तरंगलं तर बाजूला ठेवायचं. परातीपाशी बसलेली मुलं उठून तिथं गेली आणि प्रत्येक अंड्याला ‘बुडलं’ म्हणून ओरडू लागली.

तीन वर्षांखालच्या मुलांना आया किंवा आज्या अंड्यासाठी कडेवर घेऊन येतात. अंडं शक्यतो इथंच, समोर भरवायचं, असा ताईंचा आग्रह. घरी गेलं की त्याचे चार वाटे होतात, आणि चार वाटे करणाऱ्या आईला दोष देता येत नाही. अगदी लहानाला पिवळा बलक पेजेत किंवा मऊ भातात कुस्करून देतात. मोठ्यांची पंगत बसते. खिचडी किंवा वरण-भात, उसळ. तीन ते सहा वयाच्या मुलाला इथून दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम २०२३ पर्यंत होता. त्यासाठी २०१७ मध्ये ठरलेला दर मुलामागं रोजचे आठ रुपये होता, तीव्र कुपोषित मुलासाठी बारा. आठ रुपयांत डाळ, तांदूळ, तेल, भाजी आणि सरपण बसवणाऱ्या बायांचा हिशेब मी पाहिला आहे. तो दर मुलांच्या भुकेला साजेसा नाही, असं मी स्पष्ट म्हणेन.

पंगतीत एक मुलगा नुसता बसून होता. तापातून उठलेला. मदतनीसताई त्याच्या ताटलीपाशी बसल्या, खिचडीचा छोटा घास त्याच्याच बोटांत दिला आणि दुसऱ्या मुलाशी बोलत राहिल्या. त्याच्याकडं बघितलं नाही. घास तोंडात गेला. थोड्या वेळानं दुसरा. बळजबरी केली की तापातून उठलेलं मूल ओकतं आणि मग दोन दिवस जेवायचं नाव काढत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

महिन्यातून एकदा वजनाचा दिवस येतो, आणि तो त्या आठवड्याचा सगळा रंग बदलतो. आडव्या वाशाला झोळीचा काटा टांगलेला, शेजारी उंचीची फळी. आधी रिकाम्या झोळीसह काटा शून्यावर आणायचा. मुलाचे कपडे, हातापायांतले वाळे काढायचे. मूल रडतं, पाय झाडतं, काटा नाचतो, आणि तो स्थिर होईपर्यंत आकडा लिहायचा नाही. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून घ्यायची, मोठ्याची उंची उभं करून. झोपवून घेतलेलं माप उभ्या मापापेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटरनं जास्त भरतं, म्हणून दोन्हींची सरमिसळ चालत नाही. आई डोकं धरते, ताई गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करतात. यात सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची चूक झाली तर कुपोषित मूल कागदावर धडधाकट ठरू शकतं.

मग दंडघेर पट्टी. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध. पट्टी सैल नको, रुतायला नको. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत एकच मोजमाप: १२.५ सेंटिमीटर आणि त्यापुढे हिरवा, त्याखाली पिवळा, ११.५ च्या खाली लाल. लाल म्हणजे सॅम, तीव्र कुपोषण.

पण ताई सगळ्यात शेवटी जे करतात ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. दोन्ही पावलांवर अंगठे ठेवून तीन सेकंद दाबायचं आणि सोडायचं. दोन्हीकडं खळगा तसाच राहिला तर ती सूज आहे. असं मूल गुबगुबीत दिसतं, काट्यावर वजनही बरं भरतं, नातेवाईक त्याचं कौतुक करतात, आणि ते लाल पट्टीतल्या मुलाइतकंच धोक्यात असतं. त्याला थेट दवाखान्यात, पोषण पुनर्वसन केंद्राकडं पाठवावं लागतं. उपचार सुरू झाल्यावर सूज उतरते तसं त्याचं वजन आधी कमी होतं. हे आईला पाठवतानाच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर ती घाबरून मुलाला घरी घेऊन येते.

त्या दिवशी दीड वर्षांच्या एका मुलीचं वजन मागच्या महिन्याइतकंच भरलं. घटलं नाही म्हणून आई निवांत होती. ताईंनी कार्डावरच्या आलेखात ठिपका मांडला आणि दोन ठिपके जोडले. रेघ सपाट. या वयात रेघ चढायलाच हवी. काटा बाजूला ठेवून त्या आईशेजारी बसल्या आणि विचारत गेल्या. मुलीला जुलाब झाले होते, आठवडाभर. पोटाला आराम म्हणून घरच्यांनी पेज आणि दूधही तोडलं होतं. ताईंनी कुणाला बोल लावला नाही. जुलाब चालू असतानाही अंगावर पाजायचं, पातळ वरण-भात द्यायचा, ओआरएसचं पाणी घोटघोट द्यायचं आणि झिंकची गोळी जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरी करायची, हे त्यांनी आईकडून परत म्हणवून घेतलं. आजारानंतर काही दिवस एक जेवण जास्त. संध्याकाळी त्या तिच्या घरी गेल्या, कारण मुलीला भरवणारी आजी होती.

लसीकरणाचा दिवसही महिन्यातून एकदा. आशाताई आधी घरोघर सांगून येतात, सिस्टर बर्फाच्या पेटीत लसी आणतात. सुई टोचून झाल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुन्हा कधी यायचं आणि कार्ड जपून ठेवायचं. मग अर्धा तास तिथंच थांबायचं. नऊ महिन्यांच्या बाळाला गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस पाजतात, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. पाच मिनिटांत रडू आवरतं ते बाहेरच्या झोक्यामुळं.

हे सगळं आता मोबाइलमध्येही भरावं लागतं. पोषण ट्रॅकर २०२१ मध्ये आला. घरी न्यायचा आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा मोबाइलनं ओळखणं जुलै २०२५ पासून सक्तीचं झालं. नोंद हवीच. सपाट रेघ नोंदीमुळंच दिसली. पण पाड्यावर नेटला रेंज मिळवायला ताई फोन उंच धरून टेकाडावर जातात, कडेवर मूल घेतलेली आई उन्हात उभी राहते, आणि तेवढा वेळ सतरंजीवरच्या मुलांकडं बघणारं कुणी नसतं. हा वेळ मुलांच्या वाट्याचा आहे. तो त्यांना परत मिळायला हवा. सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल लागला. इतकं कौशल्याचं काम करणाऱ्या बायांना आजही मानधनावर ठेवलं जातं, याचं मला दुःख वाटतं.

शनिवारी खेळणी धुवायची, डाळ-तांदळाचे डबे उन्हात ठेवायचे आणि गृहभेटी. दिवाळी होऊन गेली होती. भातकापणीनंतर इथली कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात, भिवंडीकडं, वसईकडं, आणि पावसाच्या तोंडावर परततात. परतलेल्या मुलांचे दंड पट्टीत किती सैल बसतात हे ताईंनी दर वर्षी पाहिलंय. म्हणून निघणाऱ्या प्रत्येक घरी त्या आधी पोचतात. त्या सपाट रेघेवाल्या मुलीचं घरही यंदा निघणार होतं. आई भांडी बांधत होती. ताईंनी मुलीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपड्यांच्या बोचक्यात वर ठेवायला लावलं, झिंकच्या किती गोळ्या उरल्या ते पाकीट बघून मोजलं, भट्टी कुठल्या गावाला, मुकादम कोण, त्याचा नंबर काय, हे वहीत लिहून घेतलं. मग ओट्यावर बसूनच त्यांनी त्या गावच्या सेविकेला फोन लावला. मुलीचं वय सांगितलं, वजन सांगितलं, आणि म्हणाल्या, ‘ताई, भट्टीवर ही माणसं पोचली की पोरीला आधी काट्यावर घ्या. आणि आजीशी बोला, तीच भरवते तिला.’