जोडीदार गेम खेळत नाही? मग दोघांनी मिळून खेळायचे व्हिडिओ गेम असे निवडा



पालकसभेत मुलांच्या मोबाइलचा विषय निघाला की एखादी आई हमखास आवाज खाली करून म्हणते, "मॅडम, मुलाचं राहू द्या, त्याचे पप्पाच रात्री बारापर्यंत गेम खेळतात." म्हणून आजचा विषय मुलांचा नाही, आपला मोठ्यांचा आहे. घरात एक जण गेम खेळणारा आणि दुसऱ्याने आयुष्यात कधी कंट्रोलर हातात धरलेला नाही, अशा जोडीने एकत्र बसून खेळावं असं काय आहे, आणि ते निवडायचं कसं, हे आज पाहू.

आमच्या घरात न खेळणारी मीच. माझे मिस्टर कॉलेजपासून खेळतात. संध्याकाळी एकाच खोलीत त्यांचं तोंड स्क्रीनकडे आणि माझं तपासायच्या वह्यांकडे, असं आमचं बरीच वर्षं चाललं. भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. त्यामुळे हा लेख न खेळणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला आहे असं समजा.

खेळणाऱ्यांना वाटतं की जोडीदाराला गेमची आवडच नाही. बहुतेक वेळा अडचण आवडीची नसते, हाताची असते. आजकालच्या मोठ्या गेममध्ये डाव्या अंगठ्याने माणूस चालवायचा आणि उजव्या अंगठ्याने त्याची नजर फिरवायची असते. दोन्ही एकाच वेळी! त्यात मध्येच उडी मारायची, दार उघडायचं, आणि कोणतं बटण कुठे आहे ते खाली न बघता ओळखायचं. वर्षानुवर्षं खेळणाऱ्याला हे सायकल चालवण्याइतकं सवयीचं झालेलं असतं. नवा माणूस मात्र हाताकडे बघतो, मग स्क्रीनकडे बघतो, तोवर आपला माणूस भिंतीला डोकं लावून उभा असतो नाहीतर खड्ड्यात पडलेला असतो. पहिलीतल्या मुलाला अजून पेन्सिल नीट धरता येत नाही आणि आपण त्याला श्रुतलेखन घालतो, तसाच हा प्रकार. दहा मिनिटांत तो म्हणतो, "मला नाही जमत, तूच खेळ." मग विषय कायमचा बंद.

डी.एड.ला आपण सगळ्यांनी एक सूत्र पाठ केलंय, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. इथे ते तंतोतंत लागू पडतं. 'सगळ्यात सोपा गेम कोणता' असं विचारू नका. माझ्या जोडीदाराला आधीपासून काय चांगलं येतं, आणि या गेमला त्याची खरोखर गरज आहे का, असं विचारा. सोपा गेम देऊन माणूस शेजारी बसतो, पण त्याची गरज पडली तरच तो खेळात येतो.

याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे 'वेंबा'. २०२३ साली आलेला हा छोटा गेम टोरांटोच्या एका गटाने केलाय. १९८८ च्या सुमारास कॅनडात राहणारं एक तमिळ जोडपं, त्यांचा मुलगा आणि त्यांचं स्वयंपाकघर, एवढीच गोष्ट. आईने दिलेली पाककृतीची वही फाटलीय, काही ओळी पुसल्या गेल्यात, आणि पदार्थ तर करायचाय. पहिलाच पदार्थ इडली. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या म्हणजे वाफ सगळीकडे पोचेल, हे आपण ओळखायचं. आता सांगा, हे कोडं कोणाला लवकर सुटेल? वीस वर्षं गेम खेळणाऱ्याला, की ज्याने घरी शंभर वेळा इडल्या लावल्यात त्याला? (आमच्याकडे रविवारी इडल्या मिस्टरच लावतात, त्यामुळे इथे माझा फारसा प्रभाव पडला नाही, तो भाग वेगळा.) माउसने वस्तू उचलायच्या आणि ठेवायच्या, बाकी काही नाही. दीड-दोन तासांत संपतो. परक्या देशात मुलगा आपल्या भाषेपासून आणि डब्यापासून लांब जातो, तो भाग परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना फार जवळचा वाटेल.

दुसरा आहे 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स', २०१५ सालचा. यात एकाला स्क्रीनवर बॉम्ब दिसतो. दुसऱ्याच्या हातात तो निकामी करण्याची माहितीपुस्तिका, कागदावर छापलेली. बॉम्ब बघणाऱ्याने पुस्तिका बघायची नाही, पुस्तिकावाल्याने स्क्रीन बघायचा नाही. घड्याळ चालू. मग नुसतं बोलायचं! "तीन वायर आहेत, दोन निळ्या, एक पिवळी." पुस्तिकेत नियम असतो: तीनच वायर असतील आणि त्यात लाल एकही नसेल, तर दुसरी कापा. चार वायर झाल्या की नियम वाढतात. एकापेक्षा जास्त लाल आहेत का, अनुक्रमांकाचा शेवटचा अंक विषम आहे का, असं एकेक विचारत जावं लागतं. एका भागात अक्षरंही नसतात, विचित्र चिन्हं असतात. तिथे 'त्रिशूळ', 'उलटं प्रश्नचिन्ह' अशी आपणच नावं पाडायची आणि समोरच्याला कळेपर्यंत सांगायची.

यात न खेळणाऱ्याने पुस्तिका घ्यावी. त्याला एकही बटण दाबायचं नाही, तरी त्याच्यावाचून खेळ एक पाऊल पुढे जात नाही. आणि सूचना नीट वाचणं, शांतपणे प्रश्न विचारणं, समोरचा गोंधळला तर वाक्य बदलून सांगणं, हे तर आपण शिक्षक रोज चाळीस पोरांसमोर करतो. मिस्टरांनी मला पहिल्यांदा "सावकाश, परत सांग" असं म्हटलं ते याच खेळात. एरवी ते वाक्य माझं असतं. वर्गात हेच करायचं असेल तर संगणकसुद्धा लागत नाही. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा, एकाने चौकोन-त्रिकोणांचं चित्र शब्दांत सांगायचं, दुसऱ्याने न बघता काढायचं. चौथीच्या वर्गाला भाषेच्या तासाला जरूर द्या.

कोडी आणि रहस्यकथा आवडणाऱ्यांसाठी 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८). १८०७ साली ईस्ट इंडिया कंपनीचं एक बेपत्ता जहाज माणसांविना परत येतं. जहाजावरच्या साठ जणांपैकी कोण कोण होतं आणि प्रत्येकाचं काय झालं, हे शोधायचं. खलाशांत काही भारतीयही आहेत. कंट्रोल खेळणाऱ्याकडे, वही-पेन दुसऱ्याकडे. कपडे, बोलण्याची ढब, कोण कोणाशेजारी उभा आहे, असल्या बारीक गोष्टींवर सगळं अवलंबून असल्यामुळे दोन डोकी लागतातच. मृत्यूची दृश्यं भडक आहेत, म्हणून मुलं झोपल्यावरच.

दोघांच्या हातात एकेक कंट्रोलर असावा असं वाटत असेल तर 'स्टार्ड्यू व्हॅली' घ्या. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने तो बनवला आणि २०१६ मध्ये आणला. पुढे त्यात दोघांना मिळून एक शेत करायची सोय आली, नंतर एकाच स्क्रीनवरही. वरून दिसणारं शेत, त्यामुळे नजर फिरवायची भानगड नाही. एक जण पाणी घालतो, दुसरा खाणीत जातो. गेममधला एक दिवस सुमारे चौदा मिनिटांचा, म्हणजे "अजून एकच दिवस" म्हणता म्हणता अकरा वाजतात, एवढं सांभाळा. शेतीच्या घरात वाढलेल्यांना चार दिवसांत कंद तयार झालेलं बघून हसू येईल. मासेमारी मात्र नवख्याला देऊ नका, तिथे हात फार चपळ लागतो.

आता दोन नावं अशी, जी सगळेच सुचवतात आणि मी सुरुवातीला सुचवणार नाही. 'ओव्हरकुक्ड' मध्ये हॉटेलचं स्वयंपाकघर धावपळीत चालवायचं असतं. बटणं कमी आहेत, शिकायला सोपा आहे. पण वेळेचं दडपण आलं की ज्याला येतं तो हुकूम सोडायला लागतो. "टोमॅटो! टोमॅटो कुठे गेला?" दिवसभर शाळा आणि ऑफिस करून आलेल्या दोघांना हे रात्री नको असतं. दुसरा 'इट टेक्स टू' (२०२१). घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे आईवडील मुलीच्या अश्रूंमुळे बाहुले बनतात आणि दोघांनी मिळूनच वाट काढायची असते. गेम उत्तम आहे, त्या वर्षीचा 'द गेम अवॉर्ड्स'चा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार त्याला मिळाला. दोघांपैकी एकानेच विकत घेतला तरी दुसऱ्याला त्याच्यासोबत स्वतःच्या यंत्रावर फुकट खेळता येतो. पण तो सतत उड्यांचा खेळ आहे, आणि वर सांगितलेली दोन अंगठ्यांची कसरत पहिल्या मिनिटापासून आहे. स्टार्ड्यूमध्ये महिनाभर हात बसला की मग घ्या. आणि त्यात मुलीच्या आवडत्या खेळण्यातल्या हत्तीचा एक प्रसंग आहे, तो लहान मुलांसमोर अजिबात नको.

गेम कोणताही असो, खेळणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. जोडीदार अडखळला की त्याच्या हातातून कंट्रोलर काढून घेऊ नका. "दे, मी करतो" हे वाक्य म्हणजे मुलाच्या वहीत आपणच अक्षर काढून देणं. अक्षर सुंदर येतं, पण मूल पुढच्या वेळी वही पुढे करतं आणि हात मागे घेतं. अडलं तर तोंडाने सांगा, तेही विचारल्यावर. "अगं किती सोपं आहे" असं तर म्हणूच नका. सोपं असून जमत नाही, एवढाच त्याचा अर्थ ऐकणाऱ्याला लागतो. आणि न खेळणाऱ्यांनो, तुम्हीही अर्ध्या खेळात फोन हातात घेऊ नका.

थांबायची वेळ न खेळणाऱ्याने ठरवावी. सुरुवातीला अर्धा तास भरपूर झाला. टीव्हीवर अक्षरं बारीक दिसत असतील तर सेटिंगमध्ये अक्षर मोठं करायची सोय आहे का ते आधी पाहून ठेवा, चष्म्यावरून उगाच चिडचिड होते. बॉम्बच्या गेमची माहितीपुस्तिका नेटवर मोफत मिळते. ती २३ पानांची आहे, पण सगळी छापू नका. पहिल्या बॉम्बला वायर, बटण आणि चिन्हं या तीन पानांवर भागतं.