आजोबा लढाईत विलायतेला गेले होते? युरोप टूरवर त्यांचं नाव असं शोधा

तेरखेडा म्हटलं की आधी आठवतात फटाके. समजा, धाराशिव जिल्ह्यातल्या या गावातलं साठी ओलांडलेलं एक जोडपं युरोप टूरला निघालंय. रोम, फ्लॉरेन्स, पिसाचा मनोरा, व्हेनिस, स्वित्झर्लंडचा बर्फ आणि पॅरिस असा नेहमीचा कार्यक्रम. पण त्यांच्या घरात एक जुनी गोष्टही सांगितली जाते, 'आपले आजोबा लढाईत विलायतेला गेले, ते परत आलेच नाहीत.'

विलायत म्हणजे नेमकं कुठे? ते कुणालाच माहीत नसतं. आजोबांचं नाव तिकडे कुठल्या भिंतीवर कोरलेलं असेल, तर टूरची बस त्या जागेपासून तासा-दोन तासांच्या अंतरावरून पुढे निघून जाते.

हे नाव शोधता येतं. शोध घरबसल्या आणि फुकट होतो. फक्त तो तिकीट काढायच्या आधी करावा लागतो.

मराठी सैनिक युरोपात कुठे लढले?

पहिल्या महायुद्धात १९१४ मध्येच भारतीय फौजा फ्रान्सला पोहोचल्या. खडकीत मुख्यालय असलेल्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शॅपेल या गावासाठी झालेल्या लढाईत उतरल्या होत्या. आज त्याच गावात भारतीय सैनिकांचं मोठं स्मारक आहे. १९२७ मध्ये उभारलेल्या या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीय सैनिक आणि कामगारांची नावं आहेत.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय फौजेच्या ४, ८ आणि १० क्रमांकाच्या डिव्हिजन इटलीत लढल्या. तिथे ५,७०० हून अधिक भारतीय सैनिक मारले गेले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना याच मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

एक होते रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. बाकीचे सगळे पडले. घाडगे एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले, ते त्यांनी जिंकलं आणि तिथेच त्यांना गोळ्या लागल्या. वय होतं २२.

दुसरे होते नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना त्यांनी दोन जखमी साथीदारांना सुरक्षित जागी आणलं आणि मग शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. ते जिवंत परतले. १९८४ मध्ये त्यांचं निधन झालं.

पहिलं काम : पेटीतलं पदक बाहेर काढा

'लढाईला गेले' म्हणजे युरोपातच गेले, असं नाही. दुसऱ्या महायुद्धात मराठी सैनिक आफ्रिकेत लढले, ब्रह्मदेशातही लढले. त्यामुळे आधी खात्री करावी लागते.

घरात जुनं पदक असेल तर ते बोलकं असतं. तारेच्या आकाराच्या पदकावर मोहिमेचं नाव असतं : आफ्रिका स्टार, बर्मा स्टार, इटली स्टार. इटली स्टारच्या फितीत लाल, पांढरा आणि हिरवा हे इटलीच्या झेंड्याचेच रंग आहेत. म्हणजे पेटीत बर्मा स्टार निघाला आणि इटली स्टार नसेल, तर आजोबांचा शोध इटलीत घेण्यात अर्थ नाही.

भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांच्या कडेवर किंवा मागच्या बाजूला बहुतेक वेळा सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. यातला नंबर सगळ्यात महत्त्वाचा. एकाच नावाचे दहा सैनिक सापडतील, पण एकाच पलटणीत एक नंबर दोघांचा नसतो. पदकाला घासून-पुसून चकाकी आणायच्या भानगडीत पडू नका. अक्षरं झिजतात. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

नाव कुठे शोधायचं?

युद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था सांभाळते. १९१७ मध्ये ती स्थापन झाली. तिच्या वेबसाइटवर दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख जणांची नोंद आहे. शोधायला पैसे लागत नाहीत.

नोंदीत हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि स्मारकाचं नाव मिळतं. दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच नोंदींमध्ये वडिलांचं, कधी पत्नीचं नाव आणि गाव-जिल्हाही असतो. घरच्यांची खात्री पटते ती इथेच.

पण तीन ठिकाणी गाडी अडते.

एक, स्पेलिंग. त्या काळी इंग्रजीत 'मराठा' हा शब्द एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असा लिहीत. गावांची आणि माणसांची नावंही कारकुनाला जशी ऐकू आली तशी उतरली आहेत. म्हणून दोन-चार पद्धतींनी शोधून पाहावं. अनेकदा आडनाव न देता फक्त सैनिकाचं आणि वडिलांचं नाव दिलेलं असतं.

दोन, जिल्हा. 'धाराशिव' टाकून शोधलं तर काही हाती लागणार नाही. त्या काळात जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं आणि तो १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वाशी तालुकाही नंतर झाला. त्यामुळे जुन्या नोंदीत उस्मानाबाद असू शकतं, नुसतं हैदराबादही असू शकतं. शेजारची बार्शी मात्र इंग्रजी मुलखात, सोलापूर जिल्ह्यात होती.

तीन, ही यादी फक्त मृतांची आहे. आजोबा परत आले असतील तर त्यांचं नाव इथे मिळणार नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सैनिकांसाठी बेळगावच्या आणि सॅपर्ससाठी खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर, नाव आणि पलटण देऊन पत्र लिहावं लागतं. पत्र कसं लिहायचं, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं.

तिथे गेल्यावर समाधी दिसेल का?

बहुतेक वेळा नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर एवढ्या लांब जाऊन मन खट्टू होतं.

हिंदू आणि शीख सैनिकांचं शक्य तिथे दहन केलं जात असे. त्यामुळे कबर नसते, दहन-स्मारकावर नाव असतं. इटलीत अशी स्मारकं फोर्ली आणि सांग्रो नदीजवळच्या युद्धस्मशानभूमीत आहेत. ज्यांचा देह सापडला नाही किंवा जागा कळली नाही, त्यांची नावं कॅसिनो इथल्या स्मारकावर आहेत. तिथे ४,००० हून अधिक नावं आहेत आणि त्यात व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगेही आहेत. घाडगे यांच्या नावाचं वेगळं स्मारकही आता उंब्रिया प्रांतातल्या मोंतोने गावात आहे. २०२३ मध्ये उभारलेलं हे स्मारक सूर्यघड्याळाच्या रूपात आहे.

वेबसाइटवरच्या नोंदीत पॅनेल किंवा कॉलमचा क्रमांक दिलेला असतो. तो कागदावर लिहून न्या. हजारो नावांतून आपलं नाव शोधायला तोच उपयोगी पडतो. अनेक ठिकाणी भेट देणाऱ्यांसाठी वहीही ठेवलेली असते. तिच्यात मराठीत चार ओळी लिहायला कुणाची हरकत नसते.

टूरच्या रस्त्यावरून किती लांब?

- कॅसिनो : रोमहून साधारण १३० किलोमीटर. रोम ते नेपल्स या जुन्या रेल्वेमार्गावर. एका दिवसात जाऊन-येऊन होतं.
- फोर्ली : फ्लॉरेन्सहून व्हेनिसला जाताना बोलोन्या लागतं. तिथून रिमिनीच्या दिशेने जाणाऱ्या रेल्वेने तासाभराच्या आत.
- न्यूव्ह शॅपेल : पॅरिसहून लील शहर वेगवान रेल्वेने सुमारे एक तास. पुढे गाडी करावी लागते.

ग्रुप टूरमध्ये मधेच बस सोडून जाणं कंपन्यांना चालत नाही. त्यापेक्षा टूर संपल्यावर दोन-तीन दिवस जास्त राहणं सोपं. पण हे पैसे भरायच्या आधीच कंपनीला सांगा, म्हणजे परतीचं तिकीट, विमा आणि व्हिसा त्या दिवसांसह निघेल.

शेंगेन व्हिसाची मोठ्यांसाठीची फी ९० युरो आहे. केंद्राचा सेवाशुल्क वेगळा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, तोही प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जादा दिवसांचं हॉटेल बुकिंग अर्जाला जोडायला विसरू नका.

घरात कुणीच सैनिक नव्हतं, तर?

तरी धाराशिवच्या माणसाचं इटलीत एक नातं निघतं. कॅसिनोवरून तीच रेल्वे पुढे नेपल्सला जाते. तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात पॉम्पेईच्या उत्खननात १९३८ मध्ये सापडलेली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत हे शहर गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोहोचली होती. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती सापडली ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, म्हणजे जुन्या तगर नगरीत. तेरच्या लामतुरे संग्रहालयात आधी एक चक्कर मारून मग नेपल्सला गेलं, तर काचेपलीकडची ती मूर्ती परकी वाटणार नाही.

आज काय करता येईल?

घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशेजारी बसा आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा. आजोबांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, भरती कुठे झाली, पत्र किंवा पेन्शन कुठून यायची, एवढे चार प्रश्न पुरे. व्हिसा पुढच्या वर्षीही मिळेल, भिंतीवरचं नावही तिथेच असेल. पण ते नाव आपल्याच आजोबांचं आहे, हे ओळखणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे.