जास्वंद की कण्हेर? कुंडी आणण्याआधी हे वाचा

बाल्कनीत ऊन भरपूर आहे, फुलं वर्षभर हवीत आणि देवालाही वाहता यायला हवीत. अशा वेळी जास्वंद आणि कण्हेर ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोन्ही झाडांना ऊन लागतं. मग फरक कुठे?

पाणी : उन्हाळ्यात कुंडीतल्या जास्वंदीला जवळपास रोज पाणी लागतं. माती सुकली की कळ्या गळतात. कण्हेर मात्र रुजल्यावर कमी पाण्यातही तगते. म्हणूनच ती महामार्गाच्या दुभाजकावर दिसते.

फुलं : जास्वंदीचं फूल बहुधा एकच दिवस टिकतं, पण कळ्या नव्या फुटव्यावर येतात, त्यामुळे छाटणी केली की बहर वाढतो. कण्हेरीला गुच्छ येतात.

कीड : जास्वंदीवर मावा आणि पिठ्या ढेकूण लवकर येतात. पानांची खालची बाजू तपासा, कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करा.

सर्वांत महत्त्वाचं : कण्हेरीचं पान, फूल, खोड, मूळ सगळंच विषारी असतं. ते पोटात गेल्यास हृदयाचे ठोके बिघडतात. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हे वेगळं झाड. तेही तितकंच घातक. छाटलेल्या फांद्या जाळू नका, गुरांपुढे टाकू नका. मुलाने पान चघळलं तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठा.

थोडक्यात : घरात रांगतं मूल, कुत्रा किंवा मांजर असेल, तर जास्वंदच आणा.